मधला डबा

चैत्र लागला की माझ्या हातांना कांद्याचा वास चिकटतो, तो पार आषाढ सरेपर्यंत जात नाही. लोक म्हणतात चैत्रात मोगऱ्याचा वास येतो. येत असेल. बोरी बुद्रुकला आमच्या वस्तीवर कांद्याचाच येतो. वावरात उपटून ठेवलेल्या कांद्याची पात उन्हाने पिवळी पडते, वारा सुटला की टरफलं उडून ओट्यावर येतात, पाण्याच्या हंड्यात पडतात, म्हाताऱ्याच्या टोपीवर बसतात. म्हातारा म्हणजे माझा नवरा. टोपीवर टरफल बसलेलं त्याला कळत नाही आणि मी सांगत नाही. बरं दिसतं.

यंदाही तसंच चाललंय. बाया वावरात पात कापायला बसल्यात, नदीपलीकडच्या गावात यात्रेचा डीजे सकाळपासून धडधडतोय, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत फळीवर एक डबा तापतोय. दिसायला मिसळणाच्या डब्याएवढा. वर काचेच्या दोन छोट्या बाटल्या, त्यांच्या आत निखाऱ्यासारखा लाल धागा. धागा लाल झाला तरी लगेच गाणं येत नाही. थांबावं लागतं. गेल्या चैत्रात हा डबा निवडला. एवढ्याशा डब्यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी थोरल्या दिराशी जमिनीची वाटणी करतानाही झाली नव्हती.

पण भांडणं झाली हेच मोठं काम झालं. त्याआधी आमच्या घरात बाप-लेकाचं भांडणही होत नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं.

दत्ता आमचा एकुलता एक. चाकणला कंपनीत आहे. गुरुवारी सुट्टी असते, बुधवारी संध्याकाळी मोटारसायकलवर घरी येतो. सून वैशाली इथेच राहून शेत बघते. बाप-लेक ताटाला ताट लावून जेवायचे, पण कैक वर्षं एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. सगळं माझ्यामार्फत.

"अगं, त्याला म्हणावं, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळालाय."

"आई, त्यांना सांग, मी सकाळीच बदललाय."

मी मध्ये बसून भाकरी मोडायची. दोघांनाही दोघांचं ऐकू जायचं. तरी मी सांगितल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, असा नियमच पडला होता. मी सगळंच सांगायची नाही. म्हातारा म्हणायचा, "त्या भंगारवाल्याला म्हणावं, पंखा बंद कर." मी म्हणायची, "दत्ता, पंखा बंद कर रे." दत्ता म्हणायचा, "सांग त्यांना, पंखा त्यांच्या बापाचा न्हाई." मी म्हणायची, "करतोय म्हणतो." तांदळातले खडे वेचतात तसं. खडे बाजूला, तांदूळ पुढे.

वैशाली एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "आत्या, तुमी म्हंजे बिनपगारी टेलिफोन. तुमी गेल्यावर हितं कुणाला बसवायचं? मला न्हाई जमायचं, आत्ताच सांगून ठेवते."

टोचून बोलली, पण खरं बोलली. सत्तरी कधीच ओलांडली मी. गुडघे गेलेत, एका कानाने कमी ऐकू येतं. मी गेले की हे दोघं एका छपराखाली मुके होऊन बसणार. मरणाचं मला भ्या वाटत नाही. ह्याचं वाटायचं.

दत्ताला भंगारवाला हे नाव उगाच पडलं नव्हतं. म्हाताऱ्याचा धंदा लाऊडस्पीकरचा. आजूबाजूच्या यात्रा, लग्नं, सप्ताह, बैलगाड्यांच्या शर्यतींचे घाट, सगळीकडे आमचे कर्णे. पहिलं मशीन व्हॉल्व्हचं होतं, काचेच्या बाटल्यांचं, दोन माणसांनी उचलायचं. पुढे हलकी मशीनं आली, मग डीजे आले, धंदा बसला. तरी ते पहिलं मशीन म्हाताऱ्याने कोठीशेजारी पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. वाजत नव्हतं. खंडेनवमीला पोतं काढायचं, मशीन पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि परत झाकायचं.

म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही दोघं मंचरला होतो. घरी दत्ताने पत्रे काढून स्लॅबचं काम काढलं होतं. अडगळ आवरताना त्याने मशीन भंगारवाल्याला दिलं आणि बदल्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेतल्या. हिरव्या. खुर्च्या चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

म्हातारा काळा चष्मा लावून घरी आला. कोठीशेजारी पोत्याची घडी घालून ठेवलेली दिसली. म्हणाला, "मशीन?"

दत्ता म्हणाला, "वाजत न्हवतं, अप्पा. दिलं."

बस, एवढंच. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने लेकाशी बोलणं सोडलं, आणि त्या खुर्च्यांवर कधी टेकला नाही. ओट्यावर पोतं टाकून बसायचा. एक खुर्ची एका जाडजूड पाहुण्याने मोडली. दुसरी राहिली.

पूर्वी चैत्रात आम्हाला घर नसायचंच. बैलगाडीत मशीन, कर्णे, तारेची भेंडोळी, बॅटऱ्या आणि तबकड्यांची पेटी. पेटी माझ्या मांडीवर, कारण गाडीच्या दणक्याने तबकड्या फुटतात. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ, आणि गावोगावच्या यात्रेत तोच भाजलेल्या शेंगांचा, रेवड्यांचा आणि बैलांच्या घामाचा वास. लग्नाच्या पहिल्याच वर्षी निमगाव साव्याच्या यात्रेत हाताखालचा गडी तापाने आडवा झाला. म्हाताऱ्याने, तेव्हा तो म्हातारा नव्हता पण मला आता दुसरा शब्द सुचत नाही, मला मशीनपाशी बसवलं. म्हणाला, "ह्या बटणाला हात लाव. दुसऱ्या कशाला लावू नको." आणि टोपी घालून चालता झाला.

मला वाटलं नवरा पळाला. अनोळखी गाव, भोवती माणसं, पुढ्यात ते गरम मशीन. रडू यायच्या बेतात होते. मग बघते तर तो पार लांब, शेवटच्या वावराच्या बांधावर उभा, तोंड माझ्याकडे, हात कानाला. कर्ण्याखाली उभं राहून आवाज कळत नाही, शेवटच्या माणसापाशी तो कसा पोचतो ते बघायचं, ही त्याची पद्धत. खुणा टॉवेलच्या. टॉवेल डोक्यावर फिरवला की वाढव. पायाशी झटकला की कमी कर. खांद्यावर टाकला की बरोबर आहे, आता हात लावू नको.

मला ते खांद्यावर टाकणं आवडायचं. नवऱ्याने केलेलं दुसरं कौतुक मला आठवत नाही.

आणखी एक आठवतं. मशीन चालू केल्या केल्या वाजायचं नाही. माणसं गोळा व्हायची, "वाजवा की राव, का मुहूर्त बघताय?" म्हातारा कुणाकडे न बघता म्हणायचा, "थांबा, तापतंय." पाटील असो, पुजारी असो, त्या मशीनपुढे सगळ्यांना थांबावं लागायचं. पुढे दत्ता झाला. त्याची झोळी मशीनपासून हातभर अंतरावर बांधायची. त्या तापलेल्या धुळीच्या वासात तो झोपायचा. जरा मोठा झाल्यावर बटणाशी तोच बसायला लागला. शाळेत फळ्याकडे बघायचा नाही, पण बापाचा टॉवेल कधी चुकवला नाही त्याने.

अशा ह्या दत्ताला, मशीन भंगारात देणाऱ्याला, चाळिशीनंतर व्हॉल्व्हचं वेड लागलं. कंपनीतल्या एका साहेबाच्या घरी पूजेला गेला होता, तिथे व्हॉल्व्हच्या मशीनवर तबकडी वाजत होती. घरी येऊन वैशालीला म्हणाला, "अगं, लहानपणचा वास आला मला."

"गाण्याचा वास?"

"गाण्याचा न्हाई. धुळीचा. तापल्याला."

मग एकेक वस्तू येत गेली. तबकडी फिरवायचं यंत्र, मोठं मशीन, दोन लाकडी स्पीकर. म्हातारा ओट्यावरून बघायचा आणि मला म्हणायचा, "घरात व्हतं ते दिलं भंगारात, अन् आता गावभर हुडकत फिरतोय." मी हे पुढे पोचवलं नाही. तबकड्या मात्र घरातच होत्या, पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांखाली. माझ्या गोधड्यांना हात लावायची छाती नव्हती म्हणून दत्ताच्या हातून तेवढ्या वाचल्या.

सगळं जोडलं आणि आवाज आला तो बेचव. उकडलेल्या भोपळ्यासारखा. दत्ता म्हणाला, मध्ये अजून एक डबा लागतो, प्रीअँप, आणि तो व्हॉल्व्हचा पाहिजे. त्याने फोनवर चित्रं दाखवून समजावलं, मला त्यातलं काही कळलं नाही. मी माझ्यापुरतं लावून घेतलं ते असं: तबकडीवरच्या सुईतून निघणारा आवाज मुंगीएवढा. मोठ्या मशीनला मुंगी दिसत नाही. मधला डबा मुंगीची मांजर करतो, मग मोठं मशीन तिचा बैल करतं.

मी विचारलं, "म्हंजे हा सोता गात न्हाई, वाजवत न्हाई, नुसतं ह्याचं घ्यून त्याला देतो?"

"व्हय."

"अन् त्यात सोताचं काय घालतो का?"

दत्ता म्हणाला, "चांगला असंल तर न्हाई. घातलंच तर थोडं गोड."

वैशाली फसकन हसली. "आत्या, तुमचा भाऊबंद आला घरात!"

पुण्यात एक माणूस असे डबे हाताने बनवतो. त्याने दत्ताला दोन दिले. घरी वाजवून बघा, आवडेल तो ठेवा, दुसरा परत आणा. कांदा काढणी ऐन भरात होती. बराख भरायची होती, बराख म्हणजे कुडाची, वारा खेळणारी कांद्याची खोली. दत्ता रजा काढून आला तेव्हा सगळ्या वस्तीला वाटलं, पोरगा गुणाचा, कांद्यासाठी आला. मला माहीत होतं कशासाठी आलाय ते. आणि मला हेही कळत होतं की हे सगळं तो साहेबासारखं घर करायला करत नव्हता. स्पीकरची तोंडं त्याने भिंतीकडे बघून लावली नव्हती. ओट्याकडे बघून लावली होती.

पहिला डबा मोठा, चकचकीत, पुढे निळा दिवा. म्हातारा ओट्यावर खोलीकडे पाठ करून बसला होता. पुढ्यात कांद्याचा ढीग, त्यातून बारीक कांदा, ज्याला आम्ही गोल्टी म्हणतो, ती वेगळी काढत होता. कान मात्र पाठीला आले होते. दत्ताने बटणाला नुसतं बोट लावलं आणि मांडणीतली भांडी खणखणली. वैशाली स्वयंपाकघरातून ओरडली, "अवं, घर पाडता का!" बोटभर फिरवलं की घर हादरायचं, त्याच्या अलीकडे काही ऐकू यायचं नाही. मधलं काही नाहीच. आणि गाणं थांबलं की भुंगा घोंगावल्यासारखा आवाज. विहिरीवरची मोटार सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि डबा खर्रर करून खाकरायचा.

म्हातारा पाठ न वळवता म्हणाला, "अगं, त्याला म्हणावं, भुंगा शिरलाय. पर मशीनला जोर हाय. येशीपत्तूर जाईल."

दत्ता म्हणाला, "आई, त्यांना सांग, येस लांब हाय. हितं खोलीत बसून ऐकायचंय."

मी दोघांचं दोघांना सांगितलं. ह्या वेळी खडे काढायला फार लागले नाहीत.

दुपार कलल्यावर दुसरा डबा लावला, हा मिसळणाच्या डब्यासारखा. मी परातीत पीठ घेऊन उंबऱ्याशी बसले होते. तबकडी तीच, आमच्या धंद्यातली, ढोलकीची आणि एका बाईच्या गाण्याची. किती यात्रांत वाजवली असेल. बाई गायला लागली आणि मला माहेर आठवलं.

माझं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला. धरण व्हायच्या आधीचं डिंभे. बापाची मेंढरं होती. चौथीपर्यंत शाळा, मग मेंढरांमागे. लोकांना वाटतं मेंढरं ओरडून हाकतात. ओरडलं की मेंढरू बावरतं, डोंगर उतरून भलतीकडे जातं. घशात बारीक आवाज काढायचा, तो जवळच्या एका मेंढीला ऐकू गेला तरी पुरे. ती वळते, बाकीची तिच्यामागे. माझा बाप कधी मोठ्याने बोलला नाही. त्याच्याशेजारी घोंगडीवर बसलं की त्याचं बोलणं हाडात ऐकू यायचं. तिथून लग्न होऊन आले ती कर्णेवाल्याच्या घरात. इथे आवाज म्हणजे लांब जाणारा. जवळ बसलेल्याला काय ऐकू येतं ह्याची कुणाला पडलेली नव्हती.

त्या दुसऱ्या डब्यातून बाई गायली ती खोलीत बसून गातेय असं वाटलं. ओळ संपली की तिने श्वास घेतलेला कळला. इतकी वर्षं ती तबकडी मांडीवर वागवली, पण ही बाई मध्येच श्वास घेते हे मला कधी कळलं नव्हतं. मी मळता मळता थांबले. रडले वगैरे नाही. पीठ जरा सैल झालं, एवढंच.

तेवढ्यात म्हातारा उठला. गोल्टीची पाटी बाजूला सारली, टोपी घातली, टॉवेल उचलला आणि गाणं चालू असताना वावरातून सरळ चालता झाला. मागे वळून बघितलं नाही.

दत्ताचा चेहरा उतरला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण तोंड असं झालं, जसा जत्रेत बापाचा हात सुटलाय. "बघितलं? उठून गेलं. निम्मं गाणं पण न्हाई ऐकलं." त्याने सुई उचलली, डब्याचं बटण बंद केलं, तारा उपसायला लागला. "दोन्ही डबे परत देतो उद्या. समदंच इकून टाकतो. आई, मी चुकलो त्यांच्याकडं, मला म्हाईत हाय. पर किती दिवस? आता न्हाई आणायचो मी काय. बास झालं."

खरं सांगते, त्या घटकेला मलाही वाटलं की संपलं. पिठाचे हात घेऊन दारात गेले, म्हाताऱ्याला चार शब्द सुनवावेत म्हणून.

म्हातारा शेवटच्या बांधावर होता. बाभळीखाली. तोंड घराकडे, एक हात कानाला. आणि दुसऱ्या हाताने टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवत होता. वाढव. वाढव. अगं, वाढव की!

मशीन बंद. काही वाजतच नव्हतं. आणि हा गांधीलमाश्या हाकलाव्यात तसा टॉवेल फिरवतोय, कारण त्याच्यापर्यंत काहीच पोचेना.

मी म्हणाले, "दत्ता, हिकडं ये."

"मला न्हाई बघायचं."

"ये म्हणते ना. तुझा बाप गेला न्हाई. ऐकायला गेलाय."

दत्ता माझ्या खांद्यावरून बघत उभा राहिला. टॉवेल त्याने ओळखला. ओळखणारच. मग जो धावला तो डब्याकडे. तारा खोचल्या, बटण दाबलं, सुई ठेवली. आणि आवाज नाही. व्हॉल्व्ह गार झाले होते. काचेत लाल धागा दिसत होता, गाणं नव्हतं. बांधावर म्हाताऱ्याचा हात दमला. टॉवेल खाली आला. त्याने घराकडे एकदा बघितलं आणि तो पाठ फिरवून उसाच्या कडेने निघाला.

"आई, त्यांना सांग थांबायला! सांग ना लवकर!"

"मी न्हाई सांगणार."

"आई!"

"माझा गळा न्हाई पोचत तिथवर. तुझा बाप हाय, तुझं तू सांग."

माझा गळा पोचला असता. कर्णेवाल्याची बायको आहे मी. पण मी परत परातीपाशी जाऊन बसले. मधला डबा बंद म्हणजे बंद.

दत्ता ओट्यावर गेला. दोन्ही हात तोंडाशी धरले. मग ओरडला. इतक्या मोठ्याने की बराखीवरची कबुतरं उडाली.

"अप्पा! थांबा! तापतंय अजून!"

म्हातारा थांबला. वळला. वावराच्या त्या टोकाहून आवाज आला, "मंग आधी सांगायचं न्हाई व्हय!"

आमच्या घरात कैक वर्षांनी बाप-लेक बोलले ते हे. वैशाली हातातलं पातेलं तसंच धरून दारात उभी राहिली. मी तिला म्हणाले, "बघती काय, तवा तापव." तेवढ्यात डबाही तापला आणि बाई गायला लागली. म्हाताऱ्याने परत टॉवेल फिरवला. वाढव. दत्ताने वाढवलं. परत फिरवला. हा डबा ओरडणारा नाही, तो वाढून वाढून किती वाढणार?

दत्ता पुन्हा ओट्यावर आला. "अप्पा, हे लांबून ऐकायचं न्हाई! घरात या!"

"घरात कोण हाय ऐकायला?"

दत्ता ओट्याची पायरी उतरला. मग म्हणाला, "मी हाय की."

हे तो ओरडून म्हणाला नाही. तिथवर पोचलं की नाही मला माहीत नाही. पण म्हातारा आला. ढेकळं चुकवत, सावकाश, कुणी बोलावलं म्हणून नव्हे तर उन्हाने कंटाळला म्हणून येतोय असं दाखवत. पायातल्या वहाणा काढल्या, आत आला. दोन्ही स्पीकरच्या मध्ये बसायला दत्ताने जागा केली होती आणि तिथे ती हिरवी खुर्ची होती. दुसरं काही नव्हतंच बसायला. म्हाताऱ्याने खुर्चीकडे बघितलं. टॉवेलने एकदा झटकली. आणि बसला. खुर्ची करकरली.

गाणं संपलं. मग म्हातारा म्हणाला, "जोर न्हाई ह्याला. पयला घे."

"जोर कशाला, अप्पा? खोली केवढी, मशीन केवढं!"

"खोलीसाठी मशीन घेतंय व्हय कोण?"

"मंग कशासाठी घेत्यात?"

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लाव परत," म्हणाला. दत्ताने लावलं. ह्या वेळी म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. ओळ संपली तसं बोट वर केलं. "ही बाई मधीच श्वास घेती रं."

"घेती."

"लई वर्सं वाजवली. मला न्हवतं म्हाईत."

त्यानंतर दोघांनी डब्यावरून जे सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत. पहिल्याचा भुंगा काढता येईल की नाही, दुसऱ्याच्या बाटल्या उडाल्या तर मिळतील की नाही, दत्ताने बाटलीवर पेन्सिलीने टिचकी मारली तेव्हा स्पीकरमधून जो टण्ण आवाज आला तो चांगला की वाईट. मला कुणीच मध्ये घेतलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "लांब कुणाला ऐकवायचंय आता? यात्रा सपली तुमची. बारका ठेवा, अन् कांद्याला चला. आभाळ आलंय."

बारका राहिला. मोठा परत द्यायला बाप-लेक मोटारसायकलवर पुण्याला गेले. म्हातारा मागे बसला, डबा मांडीवर घट्ट धरून, मी तबकड्यांची पेटी धरायची तसा. गाडी वळणाआड जाईपर्यंत म्हाताऱ्याचं तोंड दत्ताच्या कानाशी होतं आणि एक हात समोरच्या खड्ड्याकडे. गाडी कशी चालवावी ते सांगत असणार. ह्याला स्वतःला सायकलसुद्धा येत नाही.

तेव्हापासून फार काही बदललंय असं मी म्हणणार नाही. त्या भंगारात गेलेल्या मशीनचा विषय दोघांनीही काढलेला नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. खंडेनवमीला मात्र म्हाताऱ्याने त्या डब्याला हळद-कुंकू लावलं, आणि दत्ता ओरडला, "अप्पा, आत पडंल ते, जळंल समदं!" म्हातारा म्हणाला, "पयलं न्हाई जळालं कधी." मग दत्तानेच नारळ पुढे केला. मी खोबऱ्याचे तुकडे करत होते. मला वाटलं आता पुढे काहीतरी येईल. आलं नाही. आलं नाही तेही ठीकच.

चाकणहून दत्ताचा फोन येतो तो हल्ली माझ्याऐवजी म्हाताऱ्याच्या हातात असतो. उंदीर शिरला का, लाइट कमी-जास्त होतीय का, डबा झाकला का. म्हातारा फोनवर कर्ण्यात बोलल्यासारखा बोलतो, चाकणला फोनशिवाय ऐकू जावं असा. मला जेवताना मुकाट भाकरी खाता येते. पहिले काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं झालं, नंतर दोन घास जास्त जायला लागले.

आज गुरुवार. दत्ता घरी आहे. मी शेवटच्या बांधाला बाभळीखाली बायांबरोबर पात कापतेय. नदीपलीकडचा डीजे काही थांबत नाही, आणि माझा एक कान असा. घरात कुठलं गाणं लागलंय ते इथे ऐकू येत नाही. येणारही नाही, तो डबा लांब जाणारा नाही. ऐकू येतंय ते वेगळंच.

"तू मला शिकवू नको, भंगारवाल्या! तू झोळीत व्हतास तवापसनं तापवतोय मी मशिनी!"

"अप्पा, तुमी आधी त्या बटणाचा हात काढा बरं! काढा म्हणतो ना!"

वैशालीने विळा थांबवला. "आत्या, जावा की. मिटवा जाऊन."

"मिटवायला काय झालंय?"

तेवढ्यात म्हातारा तणतणत ओट्यावर आला. त्यामागे दत्ता, हातात तबकडी. दोघांचे हातवारे चालूच. बोलता बोलता म्हाताऱ्याची नजर वावराच्या टोकाला माझ्याकडे गेली. जुनी सवय. त्याने नुसता हात वर केला आणि पंजा हलवला. येतंय का ऐकू तिथवर?

मी उठून उभी राहिले. पदरावरची टरफलं झटकली, पदर खांद्यावर टाकला, आणि परत कांद्याला बसले.